कोलिनर्जिक पेशी ते कॉर्टेक्स: उंदराच्या मेंदूतली जोडणी कशी शोधायची

१९७९ साली जॉन्स्टन, मॅकिनी आणि कॉयल यांनी रॅटच्या मेंदूच्या तळाशी पेशी मारणारं रसायन टोचलं आणि कॉर्टेक्समधलं (मेंदूच्या बाहेरच्या थरातलं) कोलीन अ‍ॅसिटिलट्रान्स्फरेज मोजलं. अ‍ॅसिटिलकोलिन बनवणारं हे एन्झाइम (पुढे थोडक्यात ‘चॅट’) ठळकपणे घटलं होतं. कॉर्टेक्सला तर त्यांनी हातही लावलेला नव्हता. म्हणजे कॉर्टेक्सला मिळणारं अ‍ॅसिटिलकोलिन मुख्यतः खालून, बेसल फोरब्रेनमधल्या पेशींच्या अक्षतंतूंमधून येतं. ते बनवणाऱ्या अशा पेशींना कोलिनर्जिक म्हणतात. तीनेक वर्षांत अल्झायमरच्या रुग्णांमध्ये नेमक्या याच भागातल्या पेशी मेलेल्या सापडल्या आणि विषयाला एकदम वजन आलं.

तरी बरीच वर्षं या यंत्रणेचं चित्र तुषार सिंचनासारखंच रंगवलं गेलं: सगळ्या शेतावर सारखंच पाणी. प्रत्यक्षात इथे पाट आहेत आणि कुठला पाट कुठल्या वाफ्यात उतरतो हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. मोघम चित्र टिकलं त्यात पद्धतींचा वाटा मोठा आहे. प्रत्येक पद्धत आपापल्या ठरावीक जागी फसवते. ती जागा माहीत असली की निम्मं काम झालं, म्हणून या लेखात कृतीइतकाच भर त्या जागांवर आहे. लेख लिहिला आहे तो प्रयोगशाळेत नव्याने या कामाला लागणाऱ्यांसाठी. प्राण्यांवरच्या कामासाठी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आणि शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण झालेलं आहे, हे गृहीत धरतो.

आधी भूगोल

मेसुलम आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये कोलिनर्जिक पेशींच्या गटांना सीएच-१ ते सीएच-६ अशी नावं दिली. सीएच-१ म्हणजे मेडियल सेप्टम आणि सीएच-२ म्हणजे डायगोनल बँडची उभी भुजा. हे दोन्ही गट मुख्यतः हिप्पोकॅम्पसकडे जातात. सीएच-३ ही डायगोनल बँडची आडवी भुजा, रोजच्या बोलण्यात एचडीबी. घ्राणेंद्रियाच्या बल्बला जाणारे धागे इथूनच निघतात. सीएच-४ हा न्यूक्लियस बेसॅलिसचा गट. कॉर्टेक्स आणि अमिग्डलाला तो पुरवठा करतो. पाच आणि सहा क्रमांकाचे गट मेंदूच्या देठात आहेत आणि ते प्रामुख्याने थॅलॅमसकडे पाहतात.

ही विभागणी मुळात माकडाच्या मेंदूवरून आली. माणसात किंवा माकडात न्यूक्लियस बेसॅलिस ठसठशीत दिसतो, माउस-रॅटमध्ये तसा गोळीबंद केंद्रक नाही. मोठ्या आकाराच्या कोलिनर्जिक पेशी सब्स्टॅन्शिया इनॉमिनाटा, ग्लोबस पॅलिडसची आतली आणि खालची कड, इंटर्नल कॅप्सूलचा काठ, मॅग्नोसेल्युलर प्रीऑप्टिक भाग अशा विखुरलेल्या बसलेल्या असतात. त्यांच्यात गाबा आणि ग्लुटामेट हे संदेशवाहक वापरणाऱ्या पेशी मिसळलेल्या, आणि संख्येने कोलिनर्जिक पेशीच कमी. त्या मिसळलेल्या पेशींपैकी बऱ्याच कॉर्टेक्सला जातातही. ‘बेसल फोरब्रेनमधून येणारा धागा’ आणि ‘कोलिनर्जिक धागा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुने निबंध वाचताना हा फरक सतत मनात ठेवा.

वाटा मुख्यतः दोन. आतली वाट कॉर्पस कॅलोसमच्या पुढच्या वळणाला वळसा घालून सिंग्युलमबरोबर मागे जाते आणि सिंग्युलेट, रेट्रोस्प्लेनियल अशा मध्यरेषेजवळच्या कॉर्टेक्सला पोचते. बाहेरची वाट एक्स्टर्नल कॅप्सूलमधून बाजूच्या कॉर्टेक्सला जाते. धागे जवळजवळ सगळे त्याच बाजूच्या अर्धगोलात राहतात. ढोबळ मानाने मेडियल प्रीफ्रंटल आणि दृष्टीच्या कॉर्टेक्सला एचडीबी आणि त्याच्या आसपासच्या पेशी जास्त पुरवठा करतात, तर श्रवण आणि स्पर्शाच्या कॉर्टेक्सला मागच्या बाजूच्या न्यूक्लियस बेसॅलिसच्या पेशी. सीमारेषा धूसर आहेत, पण कल स्पष्ट आहे.

प्रश्न एका वाक्यात लिहा

‘कोलिनर्जिक पेशींची कॉर्टेक्सशी जोडणी पाहायची आहे’ हा प्रश्न नाही, तो विषय झाला. खालच्यापैकी नेमकं काय हवं ते ठरवा, कारण त्यावरून पुढचं सगळं ठरतं.

अमुक कॉर्टेक्सला कोण पुरवठा करतं, असं विचारायचं असेल तर कॉर्टेक्समध्ये उलट दिशेने, म्हणजे धाग्याच्या टोकाकडून पेशीकायेकडे जाणारा ट्रेसर (माग दाखवणारा पदार्थ) टोचा. तळातल्या अमुक पेशी कुठे कुठे जातात, हे हवं असेल तर तळात क्रीवर अवलंबून असलेला, म्हणजे क्री हे एन्झाइम असलेल्या पेशींतच चालू होणारा विषाणू टोचा. एकच पेशी दोन ठिकाणी फाटे देते का, यासाठी दोन रंगांचे उलटे ट्रेसर किंवा विरळ लेबलिंग लागतं. तो धागा कॉर्टेक्समधल्या कोणत्या पेशीवर काय परिणाम करतो, हे स्लाइसमध्ये (मेंदूच्या जिवंत ठेवलेल्या पातळ कापात) प्रकाश टाकूनच कळतं. आणि कोलिनर्जिक पेशींना स्वतःला कोण हुकूम देतं, याला रेबीज विषाणू.

एका प्रयोगात सगळी उत्तरं काढायचा मोह होतो. तसं केलं की एकही उत्तर धड हाती लागत नाही.

प्राणी निवडणं

माउसमध्ये सर्वाधिक वापर होतो तो चॅट-आयरेस-क्री या ओळीचा. तिच्यात क्री हे मूळ चॅट जनुकाच्या पाठीमागे बसवलेलं आहे, त्यामुळे जिथे चॅट बनतं तिथे क्री बनतं. बॅक पद्धतीने (जनुकाचा मोठा डीएनए-तुकडा दुसरीकडे घालून) बनवलेल्या ट्रान्सजेनिक ओळींबाबत मात्र सावध राहा. व्हेसिक्युलर अ‍ॅसिटिलकोलिन ट्रान्सपोर्टरचं जनुक चॅट जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनच्या आत बसलेलं आहे. त्यामुळे चॅटचा मोठा तुकडा उचलून दुसरीकडे बसवला की ट्रान्सपोर्टरच्या जादा प्रती फुकटात येतात. चॅट-सीएचआर-२ या बॅक माउसमध्ये हा ट्रान्सपोर्टर प्रमाणाबाहेर बनतो आणि लक्ष देण्याच्या चाचण्यांत तो प्राणी वेगळा वागतो, हे २०१३ मध्ये दिसून आलं. चॅट-क्री रॅटबद्दलही तशाच नोंदी आहेत. नुसता शरीररचनेचा नकाशा काढायचा असेल तर हे चालून जाईल. वर्तनाशी सांगड घालणार असाल तर त्याच पिल्लावळीतले क्री नसलेले प्राणी तुलनेसाठी हवेतच.

चॅट-क्री माउसचा थेट रिपोर्टर माउसशी संकर करून ‘सगळ्या कोलिनर्जिक पेशी’ पाहायचा सोपा मार्ग मला फारसा पटत नाही. वाढीच्या काळात थोडा वेळ चॅट बनवून नंतर थांबलेल्या पेशीही त्यात कायमच्या रंगतात. शिवाय माउस आणि रॅटच्या कॉर्टेक्समध्येच छोट्या, द्विध्रुवी कोलिनर्जिक इंटरन्यूरॉन आहेत. त्या बहुतांश व्हीआयपी हे पेप्टाइड बनवतात आणि अ‍ॅसिटिलकोलिनबरोबर गाबाही सोडतात. संकर केलेल्या प्राण्याच्या कॉर्टेक्समध्ये दिसणारा धागा खालून आलेला की शेजारचाच, हे सांगताच येत नाही. प्रौढ प्राण्यात विषाणू टोचणं याहून कष्टाचं, पण उत्तर स्वच्छ मिळतं.

उलट दिशेने: कॉर्टेक्समधून तळाकडे

सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे. कॉर्टेक्स वरच असतो, सुई चुकायची भीती कमी, आणि निकाल एक-दोन आठवड्यांत हाती येतो.

फ्लोरोगोल्ड, सीटीबी (कॉलराच्या विषाचा बी उपघटक), लॅटेक्स रेट्रोबीड आणि एएव्ही-रेट्रो (उलट दिशेने जाणारा, जनुक पोचवणारा विषाणू) हे चार नेहमीचे पर्याय. फ्लोरोगोल्ड भरभरून रंगवतो, पण अतिनील प्रकाशात दिसत असल्याने डॅपीशी (पेशींची केंद्रकं दाखवणाऱ्या रंगाशी) त्याची टक्कर होते. दोघांपैकी एकच वापरा. रेट्रोबीड टोचल्या जागी राहतात, फारसे पसरत नाहीत, म्हणून छोट्या भागासाठी उत्तम. रंग मात्र ठिपक्यांत दिसतो. सीटीबी रंग जोडलेलाच घ्या, याचं कारण रंगवण्याच्या भागात येईल. एएव्ही-रेट्रो क्रीबरोबर वापरता येतो ही मोठी सोय, पण सगळ्या जातींच्या पेशी त्याला सारख्या दाद देत नाहीत. त्यामुळे त्यात एखादी पेशी दिसली नाही म्हणजे ती जोडलेलीच नाही, असा निष्कर्ष काढू नका.

माउससाठी ५० ते २०० नॅनोलिटर पुरतात. काचेची बारीक पिपेट वापरा, ट्रेसर मिनिटाला ५० नॅनोलिटरच्या आसपासच्या सावकाश वेगाने सोडा, आणि संपल्यावर पाच-दहा मिनिटं पिपेट तशीच राहू द्या. घाईने वर ओढली की ट्रेसर तिच्यामागे वाटेत सांडतो. सीटीबी किंवा फ्लोरोगोल्डला साधारण पाच ते दहा दिवस पुरतात, एएव्ही-रेट्रोला तीन आठवडे.

आता सगळ्यात मोठी फसगत. कोलिनर्जिक धागे कॉर्टेक्सच्या खालून, पांढऱ्या भागातून आणि सहाव्या थराच्या तळातून लांबवर जातात आणि मग वर चढतात. माउसचा कॉर्टेक्स जेमतेम एक मिलिमीटर जाड. पाचव्या-सहाव्या थरात टोचलेला ट्रेसर थोडा जरी खाली एक्स्टर्नल कॅप्सूलमध्ये किंवा सिंग्युलममध्ये उतरला, तरी तिथून पलीकडच्या भागांकडे निघालेले धागे तो उचलतात. मग तळात भरपूर पेशी चमकतात, नकाशा डौलदार दिसतो, आणि त्यातल्या कित्येकांचा तुमच्या कॉर्टेक्सशी काही संबंध नसतो. ‘कोलिनर्जिक पेशी सगळीकडे जातात’ असा भास इथेही तयार होतो. म्हणून बेसल फोरब्रेनचे सेक्शन उघडण्याआधी इंजेक्शनच्या जागेचे सगळे सेक्शन पाहा, ट्रेसरच्या डागाची कड अ‍ॅटलसवर आखा, आणि पांढऱ्या भागाला डाग लागलेला प्राणी मोजणीतून वगळा. हा निर्णय पेशी पाहण्याआधी आणि लेखी व्हायला हवा. भरपूर पेशी पाहिल्यावर कुणालाच तो प्राणी टाकवत नाही.

दोन कॉर्टेक्समध्ये दोन रंग टोचले की प्रयोगाला खरी धार येते. दोन्ही रंग असलेल्या पेशी थोड्याच निघतात. शेजारशेजारच्या जागा घेतल्या की संख्या वाढते. झाबोर्स्की यांच्या गटाने २०१५ मध्ये रॅटवर असं विस्तृत काम केलं. त्यातून दिसलं की जे कॉर्टेक्सचे भाग एकमेकांशी जोडलेले असतात, त्यांना पुरवठा करणाऱ्या तळातल्या पेशींचे गटही एकमेकांत मिसळलेले असतात. माउसमधल्या दृष्टी, श्रवण आणि स्पर्शाच्या प्राथमिक कॉर्टेक्सची अशीच तुलना २०१६ मध्ये झाली. बेसल फोरब्रेनच्या पेशी बऱ्याच अंशी एकेका संवेदनेशी बांधलेल्या निघाल्या, लोकस सेरुलियसच्या (मेंदूच्या देठातल्या दुसऱ्या एका गटाच्या) पेशी मात्र तशा बांधलेल्या नव्हत्या.

दुहेरी रंगाच्या पेशी मोजताना एक पडताळणी-प्रयोग अवश्य ठेवा: एकाच जागी दोन्ही ट्रेसर मिसळून टोचा. तिथेही सगळ्या पेशी दोन्ही रंगांच्या होत नाहीत. तुमच्या पद्धतीत दुहेरी रंगाची कमाल मर्यादा किती, ते या प्रयोगातून कळतं. ती माहीत नसताना नुसता टक्का सांगण्यात अर्थ नाही.

पुढच्या दिशेने: तळातून कॉर्टेक्सकडे

इथे क्रीवर अवलंबून असलेला डीआयओ प्रकारचा एएव्ही वापरतात. साधा जीएफपी किंवा टीडीटोमॅटो धागाभर पसरतो, त्यामुळे नुसता जाणारा धागा आणि जिथे अ‍ॅसिटिलकोलिन सुटतं तो मणी यात फरक करणं कठीण जातं. सिनॅप्टोफायसिनला जोडलेला रंग बरोबर घेतला तर मणी वेगळे उठून दिसतात. दोन्ही एकाच विषाणूत मिळतात, तोच घ्या.

माउसमध्ये न्यूक्लियस बेसॅलिससाठी ब्रेग्माच्या (कवटीवरच्या सांध्यांच्या छेदबिंदूच्या) मागे सुमारे ०.५ ते ०.९ मिलिमीटर, मध्यरेषेपासून १.६ ते १.९ मिलिमीटर आणि ३.५ ते ४.५ मिलिमीटर खोल, या टापूतून सुरुवात करतात. हे आकडे अंदाजच समजा. वय, वजन आणि वंश बदलला की ते सरकतात, म्हणून पहिले काही प्राणी केवळ जागा बसवण्यासाठी राखून ठेवा. एचडीबी यापेक्षा पुढे आणि खोल आहे.

पिपेटची वाट हा या पायरीचा कळीचा मुद्दा. सरळ वरून गेलात तर ती कॉर्टेक्स आणि स्ट्रायटममधून जाते. स्ट्रायटममध्ये कोलिनर्जिक इंटरन्यूरॉन ठासून भरलेले आहेत. ते कॉर्टेक्सला जात नाहीत, त्यामुळे कॉर्टेक्समधलं चित्र बिघडत नाही, पण ‘किती पेशींना विषाणू लागला’ ही मोजणी फुगते. कॉर्टेक्समधली गळती त्याहून वाईट, कारण तिथल्या चॅट-व्हीआयपी इंटरन्यूरॉन रंगतात आणि त्यांचे धागे तुम्ही खालून आलेले म्हणून मोजता. उपाय साधा आहे. ज्या कॉर्टेक्समध्ये मोजणी करायची तो वाटेत येणार नाही असा तिरका मार्ग घ्या, आणि मोजणीच्या प्रत्येक सेक्शनमध्ये रंगलेली पेशीकाया आहे का ते पाहा. एक जरी सापडली तरी तो सेक्शन आणि त्याचे शेजारी बाजूला ठेवा.

विषाणू १०० ते ३०० नॅनोलिटर पुरतो. त्याहून जास्त सोडला की तो अमिग्डलाच्या वरच्या कडेपर्यंत आणि ग्लोबस पॅलिडसभर पसरतो. थांबायचं किमान चार आठवडे. दूरच्या कॉर्टेक्समधले बारीक धागे भरायला सहा लागले तरी नवल नाही. या पेशींचे धागे विलक्षण लांब असतात. वू, विल्यम्स आणि नेथन्स यांनी २०१४ मध्ये माउसच्या एकेका कोलिनर्जिक पेशीचा पूर्ण आकार काढला. एका पेशीच्या अक्षतंतूची एकूण लांबी ५० सेंटिमीटरपर्यंत आणि फाटे हजाराहून अधिक! एवढ्या पसाऱ्यात रंग टोकापर्यंत पोचायला वेळ लागणारच. रंग फिका वाटला तर विषाणूची मात्रा वाढवण्याआधी जीएफपीची अँटिबॉडी वापरून पाहा.

कापणं आणि रंगवणं

चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने परफ्यूजन, मग ४० ते ५० मायक्रोमीटरचे कोरोनल सेक्शन. चॅटची अँटिबॉडी जाड सेक्शनमध्ये सावकाश शिरते, म्हणून ४ अंश सेल्सियसला २४ ते ४८ तास द्या. फिक्सेशन फार लांबवलं की चॅटचा रंग मंदावतो.

या पायरीवर कित्येकांचे आठवडे एका क्षुल्लक गोष्टीपायी जातात. चॅटसाठी सर्वांत रुळलेली अँटिबॉडी शेळीत बनवलेली आहे. ती पकडायला डाँकी अँटी-गोट, म्हणजे गाढवात बनवलेली आणि शेळीच्या अँटिबॉडीला चिकटणारी दुय्यम अँटिबॉडी लागते. आता त्याच मिश्रणात जीएफपीसाठी गोट अँटी-चिकन टाकली तर काय होईल? डाँकी अँटी-गोट या शेळीच्याच दुय्यम अँटिबॉडीलाही चिकटेल आणि जिथे जीएफपी तिथे चॅटचा रंग दिसेल. प्रत्येक पेशी दुहेरी रंगाची, निकाल शंभर टक्के, आणि सगळा खोटा. म्हणून सगळ्या दुय्यम अँटिबॉडी डाँकीच्याच घ्या. ब्लॉकिंगला डाँकी सीरम वापरा; गोट सीरम तर नकोच, आणि बीएसए किंवा दुधाची पावडरही टाळा. अँटी-गोट अँटिबॉडी गायीच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही कमीअधिक ओळखते. सीटीबी शोधायची प्रचलित अँटिबॉडीही शेळीचीच असते. रंग जोडलेला सीटीबी घ्या असं वर म्हटलं ते यासाठी.

दर वेळी तीन पडताळणी-सेक्शन ठेवा: प्राथमिक अँटिबॉडी न घातलेला, एकेकच प्राथमिक पण सगळ्या दुय्यम घातलेला, आणि ट्रेसर नसलेल्या प्राण्याचा. दुसरा सेक्शन वरची चूक लगेच पकडून देतो.

पेशीकायेसाठी चॅट उत्तम. कॉर्टेक्समधल्या बारीक मण्यांसाठी व्हेसिक्युलर ट्रान्सपोर्टरची अँटिबॉडी जास्त स्वच्छ चित्र देते. अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेजचा जुना रंग स्वस्त आणि देखणा, थरांची घनता एका नजरेत दिसते. पण ते एन्झाइम अ‍ॅसिटिलकोलिन तोडणारं आहे, बनवणारं नाही, आणि कोलिनर्जिक नसलेल्या पेशींतही सापडतं. ओळख पटवायला त्यावर विसंबू नका. पी-७५ हा ग्राहक बेसल फोरब्रेनमधल्या बहुतेक कोलिनर्जिक पेशींवर असतो, अमिग्डलाला जाणाऱ्या बऱ्याच पेशींवर मात्र नसतो. १९२-आयजीजी-सॅपोरिन हे पेशी मारणारं विष याच ग्राहकावर चालतं, आणि ते फक्त रॅटसाठी आहे. माउससाठी वेगळी अँटिबॉडी जोडलेलं मिळतं.

मोजणी

प्रत्येक सेक्शन मोजायची गरज नाही. सुरुवात यादृच्छिक ठेवून दर चौथा सेक्शन घ्या. ट्रेसर असलेल्या पेशी, चॅट असलेल्या पेशी आणि दोन्ही असलेल्या पेशी असे तीन आकडे वेगवेगळे लिहा. दोन्ही रंग एकाच पेशीत आहेत की एकीखाली दुसरी दडली आहे, हे कन्फोकलमध्ये खोलीच्या दिशेने पाहूनच ठरवा. कॉर्टेक्सला जाणाऱ्या पेशींत कोलिनर्जिक किती, या प्रश्नाला गेल्या चाळीस वर्षांत फार वेगवेगळी उत्तरं मिळाली आहेत, आणि फरकाचं मोठं कारण म्हणजे कुणी सीमा कुठे आखली. तुमची सीमा आकृतीत दाखवा.

सेक्शन अ‍ॅटलसवर बसवण्यासाठी ॲलन संस्थेची तिसरी समान चौकट सध्या रुळलेली आहे. क्विकनी किंवा एबीबीए यांसारखी मोफत साधनं तिरके कापलेले सेक्शनही बसवून देतात. मात्र माउस-रॅटच्या न्यूक्लियस बेसॅलिसला स्वतःची स्पष्ट कड नसल्याने अ‍ॅटलसने दिलेलं नाव अंतिम मानू नका. पेशींचे निर्देशांक जपून ठेवा. नावं पुढे बदलता येतात.

धाग्यांची लांबी मोजायची तर आंधळेपणाने चमक मोजू नये. चमक मोजली की इंजेक्शन किती यशस्वी झालं तेच मोजलं जातं. थरनिहाय मणी मोजा, आणि आकडा त्या प्राण्यातल्या विषाणू लागलेल्या चॅट-पेशींच्या संख्येने भागा. धागे सगळ्या थरांत दिसतात, घनता मात्र भागागणिक आणि थरागणिक बदलते. म्हणून एका भागातला थरांचा नमुना दुसऱ्यावर लादू नका.

जोडणी आहे, पण ती काम करते का?

मणी दिसला म्हणजे सिनॅप्स झाला असं नाही. रॅटच्या पॅरायटल कॉर्टेक्समध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली १९९४ मध्ये सुमारे १४ टक्के मण्यांवरच सिनॅप्स दिसला. २००१ मधल्या दुसऱ्या अभ्यासाने त्याच कॉर्टेक्सच्या पाचव्या थरात हे प्रमाण ६६ टक्के सांगितलं. अ‍ॅसिटिलकोलिन नेमक्या पेशीला दिलं जातं की आसपास झिरपतं, हा वाद अजून मिटलेला नाही. तुमच्या निबंधात ‘सिनॅप्स’ हा शब्द जपून वापरा.

काम तपासायला तळातल्या पेशींत चॅनलरोडॉप्सिन (प्रकाशाने पेशी चेतवणारं प्रथिन) घाला, सहा आठवडे थांबा, कॉर्टेक्सची स्लाइस कापा आणि ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश काही मिलिसेकंद टाकून पेशीतला प्रवाह नोंदवा. सुरुवात पहिल्या थरातल्या इंटरन्यूरॉनपासून करा. निकोटिनिक आणि मस्करिनिक हे या संदेशवाहकाच्या ग्राहकांचे दोन प्रकार; तिथे निकोटिनिक ग्राहक भरपूर आहेत आणि उत्तर मिळण्याची शक्यता सर्वाधिक. पिरॅमिडल पेशींत बऱ्याचदा मस्करिनिक, सेकंदभर चालणारा सावकाश परिणाम असतो. एका झटक्यात काही दिसलं नाही म्हणून स्लाइस फेकू नका, झटक्यांची माळ देऊन पाहा.

मग औषधं एकामागोमाग घाला. आधी टीटीएक्स आणि ४-एपी एकत्र: याने मधल्या पेशींच्या साखळ्या तुटतात आणि थेट जोडणीच उरते. प्रवाह टिकला तर एमएलए घालून अल्फा-७ ग्राहकांचा जलद भाग काढा, डीएचबीई घालून अल्फा-४-बीटा-२ चा मंद भाग काढा, ॲट्रोपीनने मस्करिनिक. शेवटी गाबाचे ग्राहक बंद करणारं गॅबाझीन. ते विसरू नका, कारण साबातिनी यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये दाखवलं की बेसल फोरब्रेनच्या या पेशी अ‍ॅसिटिलकोलिनबरोबर गाबाही सोडतात. पिपेटमध्ये कमी क्लोराइडचं द्रावण भरा: उणे ७० मिलिव्होल्टला निकोटिनिक प्रवाह दिसेल, शून्याजवळ गाबाचा. दोघं एकमेकांवर चढत नाहीत.

जिवंत प्राण्यात अ‍ॅसिटिलकोलिन नेमकं केव्हा सुटतं हे पाहायचं तर ग्रॅब मालिकेतले चमकणारे सेन्सर कॉर्टेक्समध्ये बसवून प्रकाशतंतूने नोंद घेता येते. ते वेगळ्या लेखाचं काम आहे.

मागचा दुवा: या पेशींना कोण हुकूम देतं

एका टप्प्यावर थांबणारा रेबीज विषाणू इथे लागतो. आधी क्रीवर अवलंबून असलेले मदतनीस विषाणू, म्हणजे टीव्हीए (रेबीजला पेशीत शिरू देणारा ग्राहक) आणि ग्लायकोप्रोटीन (रेबीजला पुढच्या पेशीत जायला लागणारं प्रथिन) देणारे. दोन-तीन आठवड्यांनी ग्लायकोप्रोटीन काढलेला रेबीज. त्यानंतर पाच ते सात दिवसांतच थांबा, पुढे पेशी मरू लागतात.

टीव्हीए किंचितही गळला तर क्री नसलेल्या पेशींत रेबीज शिरतो, कारण त्याला ग्राहकाचे मोजके रेणू पुरतात. म्हणून क्री नसलेल्या माउसमध्ये हेच विषाणू टोचून टोचल्या जागेभोवती किती पेशी रंगतात ते मोजा, आणि तेवढ्या परिघातल्या पेशी मूळ प्रयोगात इनपुट म्हणून धरू नका. कॉर्टेक्समध्ये रेबीज टोचून फक्त त्या भागाला जाणाऱ्या कोलिनर्जिक पेशींपासून सुरुवात करता येते. गिलो आणि झाबोर्स्की यांनी २०१७ मध्ये याच धर्तीवर आवक आणि जावक एकत्र मांडली.

लिहिताना

प्रत्येक प्राण्याच्या इंजेक्शनची सीमारेषा पुरवणी आकृतीत द्या, वगळलेल्या प्राण्यांचीही, आणि वगळण्याचं कारण त्याखाली. ओळीचं नाव पूर्ण लिहा. ‘चॅट-क्री’ एवढ्याने काही कळत नाही, त्या नावाच्या अनेक ओळी आहेत. वय, लिंग, विषाणूचा सिरोटाइप, मात्रा आणि थांबलेले दिवस लिहा. ‘कोलिनर्जिक’ हे विशेषण फक्त चॅटने खात्री केलेल्या पेशींना लावा, बाकीच्यांना ‘बेसल फोरब्रेनच्या पेशी’ म्हणा. पिपेट कोणत्या कोनातून आत गेली, तेही लिहा. निम्म्या निबंधांत ते नसतं आणि मग दुसऱ्या प्रयोगशाळेला त्यांचे कॉर्टेक्समधले धागे आपल्या धाग्यांशी ताडून पाहता येत नाहीत.